परसातलं झाड आणि माझा वाटा

मी, खाली सही करणारा, परांची बांधणारा कामगार, आईचा धाकटा, पूर्ण शुद्धीत आहे, प्यायलेलो नाही आणि कुणाच्या धाकाने लिहीत नाही. शेवटचा टप्पा चढण्याआधी प्रत्येकाने आपलं इच्छापत्र लिहून मुकादमाकडे द्यायचं, ही आमच्याकडची रीत. शाळेत फार टिकलो नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

माझा नट आवळायचा पान्हा आणि कमरेचा पट्टा आमच्या टोळीतल्या सुतारकाकांना. पट्टा त्यांच्या पोटाला पुरायचा नाही. पुरेपर्यंत त्यांनी जरा कमी खावं.

जाड कांबळं आईला. आई, तू म्हणायचीस, "प्रार्थनेला बसवलं की याला मुंग्या चावतात. कुठल्या देवाचा आहेस रे तू?" परसातल्या झाडाचा, आई. तिथे तर खरोखरच्या मुंग्या चावायच्या, पण उठावंसं वाटायचं नाही. तिथेच हे जुळलं:

नाव न पुसता सावली दिलीस,
झाडा, तुझ्यात देव दिसला;
तुझ्यासारखं द्यायला शिकव,
हात माझा रिकामा कसला?

इथे परांचीवर पाखराने घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत तो खांब कुणी काढत नाही. मुकादम ओरडतो, "धर्मशाळा आहे का ही?" आणि स्वतःच वाटीत पाणी ठेवून येतो. चढताना जो तो आपापल्या देवाचं नाव घेतो, मग सगळे मिळून या चार ओळी म्हणतात. त्या मी कुणा एकाला देत नाही. माझ्या असत्या तर दिल्या असत्या.

आता घर. दादा, वहिनी फोनवर म्हणाली, तू झाड तोडून तिथे खोली काढणार आहेस. पानांनी पन्हळ तुंबते म्हणे. तुंबते, हे खरं. घरातला माझा सगळा वाटा मी तुला देतो. आधी अट घातली होती, की झाडाला हात लावलास तर वाटा मिळणार नाही. सुतारकाकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "झाडाने तुला सावलीत घेताना अट घातली होती का रे, शहाण्या?"

अट खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

घर तुझं, झाडही तुझं. फक्त कुऱ्हाड आणण्याआधी एक सकाळ त्याच्याखाली बस. मुंग्या चावतील. उठू नकोस. मग तुला वाटेल ते कर. माझा झाडावर भरवसा आहे, आणि दादा, तुझ्यावरही.

सही: धाकटा
साक्षीदार: मुकादम; क्रेनवाला
ठिकाण: परांचीचा पायथा
दिनांक: पिल्लं उडून गेली तो दिवस