कोरी ओळ

३ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची! बॅग घ्यायला इथल्या प्रमुख, मोठ्या बाई, स्वतः फाटकापर्यंत आल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी हातात किल्ली टेकवून मोकळं होईल. खोली प्रयोगशाळेच्याच वरच्या मजल्यावर आहे. लोखंडी पलंग, टेबल आणि मैदानाकडे उघडणारी खिडकी. आत्या गेल्यापासून घर खायला उठायचं. ही खोली अजून तरी सभ्य वाटते. इथला दाढीवाला सहकारी थट्टेखोर आहे. आल्या आल्या त्याने माझं नाव 'कोरी' ठेवलं. नवीकोरी म्हणून असेल.

५ ऑक्टोबर
काम आवडलं. करोनाच्या विषाणूवर कुठलं औषध चालेल, हे इथे तपासतात. प्लास्टिकच्या ताटलीत बारीक खळगे असतात. त्यांत मी जिवंत पेशी वाढवते, निरनिराळी औषधं घालते. मग दाढीवाला ती ताटली बंद खोलीत नेऊन विषाणू सोडतो. दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जगलेल्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. मेलेल्या गोल होतात आणि सुट्या तरंगतात. एका ओळीला विषाणू मिळतो, औषध मात्र नाही. तिला म्हणतात कोरी ओळ. माझ्याच नावाची! ती मेली नाही तर औषधाने कोण वाचलं हे कळणार कसं, असं दाढीवाला म्हणाला. खरं आहे. तरी मला तिची कणव आली, तर तो पोट धरून हसला.

८ ऑक्टोबर
रोज सकाळी इथल्या नर्स, सिस्टर, माझा ताप बघतात, घसा तपासतात, झोप लागली का विचारतात. मग सगळ्यांना नाकात मारायचा फवारा, खबरदारी म्हणून. प्रत्येकाची बाटली वेगळी. बाकीचे कडू कडू म्हणत तोंडं वाकडी करतात, मला तो नुसता खारट लागतो. बाई म्हणाल्या, एकेकाची जीभ तशी असते.

झोप लागली का, हे मला कित्येक वर्षांत कुणी विचारलेलं नाही. आत्याला शेवटी शेवटी माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. खोलीत येऊन मी रडले. आनंदाने रडले, उगाच खोटं कशाला लिहू.

१४ ऑक्टोबर
बढती! वापरलेल्या ताटल्या आता बंद खोलीतून मी आणायच्या. बाईंनी पाठ थोपटली. मास्क जरा ढगळ आहे, पण लहान मापाचे संपलेत म्हणे. त्यात काय, चिकटपट्टी लावली.

१९ ऑक्टोबर
सकाळी घाईत माझी बाटली सापडेना, म्हणून दाढीवाल्याची उचलली. कडूजहर! दुपारपर्यंत घशातून चव जाईना. मी हसत हसत त्याला सांगितलं. तो हसला नाही. तडक बाईंकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. कोरीने औषध घेतलं, असं तो म्हणाला. बाईंनी विचारलं, किती.

मी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कोरी ओळीतल्या सगळ्या पेशी गोल झाल्या होत्या.

२० ऑक्टोबर
माझ्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी आहे का, असं बाईंना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, उलट बसायला खुर्ची दिली. फवारा माणसांवर चालतो का ते बघायचं होतं, परवानगी यायला वर्षं गेली असती, म्हणाल्या. तुझ्यामागे रडायला कुणी नाही, हे बघूनच तुला घेतलं, हेही म्हणाल्या. इतक्या मायेने, की मी मान डोलावली. मान डोलावली मी! आत्ता बॅग भरते आहे. सकाळी निघायचं.

२१ ऑक्टोबर
ताप. खोलीचं दार उघडत नाही. बाधित माणसाला बाहेर सोडता येत नाही, असं बाई दारापलीकडून म्हणाल्या. हा नियम मलाही ठाऊक आहे. फोन पहिल्या दिवसापासून खाली जमा. हातात असता तरी — कुणाला लावला असता?

२३ ऑक्टोबर
खोकला. साबणाचाही वास येत नाही. दाराच्या काचेवरचा कागद त्यांनी काढलाय. बाई, दाढीवाला, सिस्टर — तिघे येतात, बघतात, लिहून घेतात. तिघेही ठणठणीत. म्हणजे औषध चालतंय — हे कळायला मीच उपयोगी पडले.

औषध मागितलं. तुला दिलं तर तुलना कुणाशी करू, बाई म्हणाल्या. डोळे ओले होते त्यांचे. खरंच होते.

२५ ऑक्टोबर
सिस्टरनी पाणी आत सरकवलं. ग्लासमागे बाटली. कुजबुजल्या की खरी आहे, आजच घे, उद्या उपयोग नाही. चाखून पाहिली — जिभेला काही कळत नाही.

मला जगायचंय. घेणार आहे. पण बरी झाले तर — कोरी राहणार नाही मी. मग काचेशी कोण कशाला येईल? वेडी आहे मी. घेते. थोडं पडते आणि —

२६
घेतली नाही. अजून नाही. पांघरुणात आहे, मुठीत. श्वास — पुरत नाही. नखं निळी. आता घ्यायचीच —

जिन्यावर पावलं. तिघांची.

बाईंनी काचेवर तळवा ठेवलाय. विचारतायत, झोप लागली का. एवढं उत्तर देते त्यांना, मग लगेच झाकण उघ