एका शालीत सगळं गाव

ता. कोरेगाव, जि. सातारा

तीर्थस्वरूप मंगलअक्कास,

धाकट्या लालासाहेबाचा वाकून नमस्कार. (कंबर फौजेतच ठेवून आलो, त्यामुळं जमेल तितकाच वाकलोय, बाकीचा मनात धर.) तुझ्या गुडघ्यांचं कसं काय? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटल्यापासून, खरंच दुखतं का हे बघायला तू रोज माडीवर जातेस, असं कानावर आलं. दाजींची तब्येत विचारत नाही, मागच्या वेळी फोन ठेवल्यावरही त्यांचा आवाज येत होता. खरं तर फोनच करणार होतो, पण दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि अर्धं इस्लामपूर आपलं बोलणं ऐकतं. म्हणून पत्र.

आपली नात, जयराजची थोरली समीक्षा, यंदा आठवीत आहे. दिवाळीनंतर तिच्या शाळेतले कृष्णात सर घरी आले, चहा प्यायले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, की मुलगी वेगळी आहे. मला वाटलं, कुणाचं तरी डोकं फोडलं. पण ते म्हणाले, गणितात ही वर्गाच्या फार पुढं गेली आहे, मी शिकवायला जातो ते हिला आधीच येत असतं, आणि मग ही खिडकीबाहेर बघत बसते. अशा मुलांसाठी पुण्यात उन्हाळ्यात गणिताचं शिबिर भरतं, त्याची निवड परीक्षा हिनं द्यावी. अवघड गणितं सर आणून देणार. घरच्यांनी फक्त निवांतपणा द्यायचा, आणि गावानं पाठबळ.

आता पाठबळ म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. आपण सत्कार करतो. (माजी सरपंच नानासोंची म्हैस प्रदर्शनात दुसरी आली तेव्हा तिचाही केला होता. तिनं हार खाल्ला.) पहिला सत्कार ग्रामपंचायतीनं केला, मग दूध संस्थेनं, मग तरुण मंडळानं, मग माजी सैनिक संघटनेनं (तिथं मीच अध्यक्ष, नाही कसं म्हणणार). चौकात फ्लेक्स लागला. त्यात नानासो गॉगल घालून, मोबाइल कानाला लावून मधोमध, भोवती सगळे शुभेच्छुक, आणि समीक्षा खाली कोपऱ्यात, फ्लेक्सवाल्याचा नंबर असतो तिथं. बसस्टॉपवर एका बाईनं तिलाच विचारलं, कुणाचा फ्लेक्स गं हा. घरात नारळ इतके साठले की सूनबाई शिवांजलीनं ते भाजीत घातले, आमटीत घातले, आणि ती चहाच्या भांड्याकडं बघायला लागली तेव्हापासून मी चहा बाहेर पितो.

अडचण एवढीच की सत्काराला मुलगी लागते. पोरगी गणित सोडवायला बसली की दारात कुणाची तरी गाडी हजर. मग स्टेजवर हाराच्या आड ती तळहातावर पेनानं आकडेमोड करत बसायची आणि लोक म्हणायचे, किती लाजाळू. मी दर वेळी फेटा बांधून शेजारी बसत होतो, ते केवळ तिला धीर यावा म्हणून. चार शब्दही बोलावे लागले. लोक फार आग्रह करतात. (मी आधीच माइकजवळ उभा असलो तर जास्तच.)

तुला माहीत आहे, सत्काराची शाल कुणी पांघरत नाही. ती घडी न मोडता पुढच्या सत्काराला जाते. आमच्या पोरीनं पहिल्याच शालीच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका दिला आणि गप्प बसली. आमच्याकडून ती शाल निवृत्त होणाऱ्या तलाठ्यांच्या खांद्यावर गेली, तलाठ्यांकडून पतसंस्थेच्या नव्या व्यवस्थापकांकडं, तिथून नानासोंच्या वाढदिवसाला, आणि गेल्या रविवारी वाचनालयाच्या कार्यक्रमात नानासोंनी तीच समीक्षाला घातली. दोन शब्द बोल म्हणाले. हिनं शालीचा कोपरा उलटा करून सगळ्यांना ठिपका दाखवला आणि शाल कुणाकुणाकडून कशी फिरली ते नावानिशी सांगितलं. वर म्हणाली, "एका वेळी एकाचाच सत्कार करायचा असंल, तर अख्ख्या गावाला एकच शाल बास हाय. मी तपासून बघितलंय."

तलाठी आपल्या चपला न्याहाळू लागले. मला वाटलं, आता गाव सोडावं लागतंय. तेवढ्यात नानासो उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, असं डोकं तालुक्यात झालं नाही, तेव्हा गावातर्फे हिचा याच ठिकाणी सत्कार झालाच पाहिजे. दुसरी शाल कुठून आणणार? तिच्या खांद्यावरची काढली आणि तिलाच परत घातली. टाळ्या थांबेनात.

घरी येताना पोरगी स्कूटरवर माझ्या मागं बसून रडायला लागली. अक्का, ती रडणाऱ्यातली नाही. मी उसाच्या कडेला गाडी थांबवली. "आबा, येत्या रविवारी परीक्षा हाय," ती म्हणाली. "मला शाल नको, दुपार पायजे." मला फार वाईट वाटलं. तरी मी म्हणालो की लोकांची माया आहे, त्यांना नाही कसं म्हणायचं? तिनं डोळे पुसले, गणित सोडवते तसं तळहातावर पेनानं काहीतरी मांडलं, आणि म्हणाली, "मग सत्कार तुमी घ्या. तुमाला तसंबी लय आवडतं. पेपर मी देती."

मधलं वाक्य मला पटलेलं नाही. बाकी हिशोब बरोबर होता. सोमवारपासून तिच्या वतीनं मीच जातोय. लोकांची तक्रार नाही, फक्त तालमीत एकानं माझी ओळख आठवीतले गुणवंत विद्यार्थी अशी करून दिली, ती मी दुरुस्त केली नाही.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना जपून राहायला सांग.

तुझा,
लालासाहेब

ता. क. हे पत्र घेऊन दारात उभी आहे ती समीक्षाच. इथं आता लोक ओवाळायला थेट घरात येतात. रविवारपर्यंत तिला ठेवून घे, माडीवरची खोली दे आणि जेवायला हाक मारण्यापलीकडं काही करू नको. रविवारी कृष्णात सर येऊन तिला सांगलीला परीक्षेला नेतील. एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा. दाजींना यातलं काही कळू देऊ नको. ते पडले तिथल्या पतसंस्थेचे अध्यक्ष, सभागृह रिकामंच असतं. पोरगी गणितात नापास झाली म्हणून शिकवणीला आलीय, असं सांग. नापासांचे सत्कार अजून आपल्याकडं सुरू झालेले नाहीत.

ता. क. तिसरा. तरीही त्यांना कळलंच, तर त्यांचं मन मोडू नको. मला कळव, पहिल्या एसटीनं फेटा बांधून येतो. शालीचा खर्च करू नका म्हणावं. ती मी पोरीच्या पिशवीत तळाला नारळासकट ठेवलीय. घालताना ठिपका आतल्या बाजूला जाईल एवढं बघा.

ता. क. चौथा. अक्काआजी, हे मी लिहितेय. शाल आणि नारळ मी परत कपाटात ठेवले. पुस्तकं बसत नव्हती. – समीक्षा