ड्रायर मी थांबवला

वाइकाटो,
१४ ऑक्टोबर

प्रिय रावीरीदादा,

किया ओरा. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण काल डुकराची हाडं घालून पुहाची पालेभाजी केली आणि तुझ्या वाटणीची वेगळी काढून ठेवली. तू येणार नाहीस हे ठाऊक असून काढली. शेजारच्या गाई सगळ्या व्याल्या. दुधाचे टँकर दिवसभर रस्त्याने धडधडत जातात. घरी बसल्यामुळे आता ते सगळे मला ऐकू येतात.

कारखान्याने मला घरी का बसवलंय ते तुला सांगायला नको. मिटिंगमध्ये तू समोरच होतास.

फिटर कॉलिनकडून तुझा निरोप पोचला. "एकदा सॉरी म्हण, विषय संपेल." दादा, नाही म्हणणार.

दुधाची पावडर करणाऱ्या ड्रायरमधली हवा किती तापलीय ते सांगणारा सेन्सर बिघडला होता, हे मला मान्य आहे. खालची मोठी मोटर सुरू झाली की आकडा उडी मारायचा, अलार्म वाजायचा, ड्रायर बंद. ऐन हंगामात, टँकर फाटकाबाहेर ताटकळत असताना. तू वैतागलास तेही समजतं. पण कॉलिनला सांगितलंस काय, तर अलार्मच्या दोन टोकांमध्ये तार घाल, रविवारच्या ड्रायर-धुलाईपर्यंत त्याला गप्प बसव!

मी पॅनेल उघडलं तर तार दिसली. कॉलिन म्हणाला, "हात लावू नकोस बाई. साहेबांचा हुकूम आहे."

"कुठल्या साहेबांचा?"

"तुझ्याच घरातल्या."

मी तार उपटली. मोटर सुरू झाली, ड्रायर थांबला, टँकरभर दूध कुरणावर ओतावं लागलं.

फार तापली की पावडर पेटते, म्हणून तो अलार्म; पण आग नव्हती. कँटीनमध्ये मला "बंबवाली" म्हणतात. म्हणू देत. पुढच्या खेपेला खरीच आग लागली असती, तर तुझ्या त्या तारेने तिचाही अलार्म तसाच दाबला असता.

आणि बिघाड तरी केवढा? केबलवरची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला, म्हणजे जमिनीला, जोडलेली. ड्रायरकडची जमीन आणि पॅनेलकडची जमीन विजेच्या हिशेबात सारखी नसते. मोटर सुरू झाली की जाळीतूनच करंट वाहायचा आणि सेन्सरच्या बारीकशा सिग्नलमध्ये मिसळायचा. ड्रायरकडचं टोक सोडवून टेप गुंडाळली, पॅनेलकडचं ठेवलं. चहा निवायच्या आत काम झालं. आकड्याने तेव्हापासून उडी मारलेली नाही. एवढ्यासाठी तू अलार्मचं तोंड बांधलंस.

मिटिंगमध्ये तू म्हणालास, "हुइआने कुणालाही न विचारता ड्रायर बंद पाडला." तार कुणी घालायला लावली ते तू बोलला नाहीस. कॉलिन बुटांकडे बघत बसला.  बाबांच्या मागे मला या कामाला तूच लावलंस, पहिला मीटर तूच हातात दिलास, म्हणून माझीही जीभ उचलली नाही.

आता उचलणार आहे.

त्या वेळी ड्रायरच्या वरच्या मजल्यावर कोण होतं, विचारलंस कधी? तुझी आनी. हेमीशी तिने पाळी बदलली होती. तुला सांगायची लेकीची छाती होत नाही. मला सांगतानाही रडली. तार उपटली तेव्हा हे मला माहीत नव्हतं. वर हेमी असता तरी उपटलीच असती. कुणी नसतं तरीही.

गुरुवारी चौकशी आहे. तार, हुकूम, तुझं नाव, सगळं सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे. दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून तुला आधी लिहितेय. तू स्वतःहून बोललास तर मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. नाही बोललास तर समोरच्या.

आईला सांगितलं. तिने तुझ्या वाटणीच्या भाजीवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "भाऊ आहे तुझा."

मी म्हटलं, "म्हणूनच."

तुझीच, पण न वाकणारी,
हुइआ