उभ्या गाडीला धडकलेला सासरा

जावईबापूंना सासऱ्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे माझं उजवं मनगट सोडून. तुमची तब्येत, तुमची झोप आणि तुमच्या गाडीचा पुढचा दिवा हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. तुमचं पत्र पोचलं. दारू सोडण्याबद्दल त्यात तुम्ही मला जो उपदेश केला आहे, तो मी सावकाश ऐकला आणि मग पुन्हा एकदा ऐकला. या वयात माणसाने स्वतःला सावरावं, बायकोचा विचार करावा, भर संध्याकाळी रस्त्यातल्या उभ्या गाड्यांना धडका देत फिरू नये, हे तुमचं म्हणणं कोणालाही पटेल असंच आहे. खोकल्याच्या औषधापलीकडे मी जन्मात काही प्यायलेलो नाही, ही गोष्ट वेगळी. चोराच्या उलट्या बोंबा अशी एक म्हण आपल्यात आहे, पण ती जावयाला लिहू नये म्हणून मी लिहीत नाही. आता मुद्द्याचं सांगतो. लवकरच तुम्हाला कोर्टाचा एक कागद येईल. दचकू नका. मी तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. सही करून कागद घ्यावा आणि राग मानू नये.

आता त्या संध्याकाळी काय झालं ते सविस्तर कळवतो, कारण तुम्ही तिथे होता खरे, पण हजर नव्हता. मुलगी आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती आणि तिला न्यायला तुम्ही येणार होता. वाटेत तुमच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी निरोपसमारंभ होता (निरोप त्याला होता, पण शुद्ध तुमची गेली). मी दुकानाबाहेर गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसून वस्तऱ्यांना धार लावत होतो. तेवढ्यात तुमची गाडी वळणावरून आली, फुटपाथवर चढली आणि थेट बाकड्यापर्यंत पोचली. मी उठलो, पण पुरेसा उठलो नाही. बाकडं मोडलं, मी त्याच्याखाली गेलो आणि मनगटाने असा आवाज केला की समोरच्या इस्त्रीवाल्याला वाटलं फळीच तुटली. तुम्ही गाडीतून उतरलात, दुकानाकडे नीट निरखून पाहिलंत आणि हे दुकान पूर्वी इतकं पुढे नव्हतं, अशी तक्रार केलीत. मग माझ्या अंगावरून ओलांडून आत गेलात, खुर्चीत बसलात आणि दाढी करायला सांगितलीत.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण माझ्या वकीलबाईंनी सगळं खरं सांगायला बजावलं आहे. मी उठलो आणि डाव्या हाताने तुमच्या गळ्याभोवती फडकं बांधलं. मोडलेला हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने. त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. जावई खुर्चीत बसला की सासऱ्याचे हात आपोआप चालतात, एवढंच म्हणता येईल. साबणाच्या भांड्यात ब्रश बुडवला आणि तिथेच मला भोवळ आली. तुम्ही तोपर्यंत घोरत होता. मुलीने शटर अर्धं ओढलं, मला तुमच्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. गाडी ती फार चांगली चालवते. तिला तुम्ही कधी चालवू देत नाही असं ऐकतो.

दवाखान्यात पोलीस आला आणि इथून माझे ग्रह फिरले. जावई हा दहावा ग्रह असतो असं म्हणतात ते उगाच नाही. आमची ही पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पोलिसाने धडक कोणी दिली असं विचारताच तिने माझ्या पायाचा अंगठा असा दाबला की मनगट बरं वाटावं. जावयाचं नाव चौकीत जाता कामा नये, हा त्या अंगठ्याचा अर्थ. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढी भाषा कळते. मी म्हणालो, गाडी उभी होती, मीच जाऊन धडकलो. पोलिसाने विचारलं, पळत होता का? मी म्हणालो, नाही, चालत. चालताना मनगट दोन ठिकाणी मोडतं का, असं तो म्हणाला. मी म्हणालो, जरा जोरात चालत होतो. (अंगठा.) मग फुटपाथवर गाडी उभी कशी होती हे त्याने विचारलं आणि मी सांगितलं की जावईबापू शिस्तीचे आहेत, रस्ता अडू नये म्हणून ते गाडी बाजूला लावतात. त्याने हे सगळं लिहून घेतलं आणि माझी डाव्या हाताची सही घेतली. ती सही बघूनच पुढे सगळ्यांना मी प्यायलेलो होतो असं वाटत गेलं.

आता गंमत अशी की हा खोटेपणा मी तुमची अब्रू झाकायला केला, आणि त्यावर सगळ्यात जास्त विश्वास बसला तो तुमचाच. दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीत जागे झालात, मला काय झालं ते विचारलंत, आणि हिने माझा जबाब तुम्हाला शब्दशः ऐकवला. त्यानंतर तुम्ही नात्यागोत्यात सगळ्यांना कळवलंत की सासरेबुवा हल्ली घेतात, चालता चालता गाड्यांना धडकतात, जरा लक्ष ठेवा. माझ्या सख्ख्या भावाने मला फोन करून ध्यानधारणा सुचवली. विमा कंपनीचा माणूस तर फीतच घेऊन आला. त्याने माझी उंची मोजली, गाडीच्या दिव्याची उंची मोजली आणि निष्कर्ष काढला की दिवा मी फोडला आहे, सबब त्याची किंमत मी भरावी. आता त्याचाही कागद माझ्याकडे पडून आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड माझं मीच दाबलेलं.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण प्लास्टर निघालं आणि मनगट जरा वाकडं बसल्याचं कळलं. चमचा धरता येतो, पण वस्तरा धरला की हात थरथरतो. गिऱ्हाईक मानेखाली फडकं बांधून आरामात बसलेलं असतं, आरशात माझा हात पाहतं आणि त्याला एकाएकी घरचं काम आठवतं. एकजण तर अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच गेला, फडक्यासकट. फडकं त्याने नंतर धुऊन पाठवलं, पण स्वतः आला नाही. आता मी नुसते केस कापतो, तेही ओळखीच्या माणसांचे, आणि जे बसतात ते मला फुकट कायदा सांगतात. एकाने सांगितलं लंगडत जा, न्यायाधीश विरघळतात. मी म्हणालो दुखणं हाताचं आहे. तो म्हणाला, म्हणूनच, दोन्हीची भरपाई मिळेल. विनोद पुरे. जावईबापू, या हाताने मी चार माणसांचं घर चालवलं, तुमचं लग्न लावलं. रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहायला मला भीती वाटते. हे मी हिलाही सांगितलेलं नाही.

वकीलबाईंनी माझा जबाब वाचला आणि कपाळाला हात लावला. मग त्यांनी विचारलं, की गाडी उभी होती ती बाकड्याच्या वर उभी होती का? त्यांचं म्हणणं असं: जबाब खोटा होता हे मी कोर्टात कबूल करीन, बोलणी खाईन. पण माझ्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही. त्या वेळी तिथे असलेल्या दुसऱ्या कोणीतरी खरं सांगायला हवं. इस्त्रीवाल्याने फक्त आवाज ऐकला. राहिली मुलगी, तिने सगळं पाहिलं. तिला साक्षीला उभं करायला मी साफ नकार दिला आहे. नवऱ्याविरुद्ध बायकोला पिंजऱ्यात उभं करून मिळालेली भरपाई माझ्या घशाखाली उतरणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून तुम्हाला गळ घालतो, तुम्हीच खरं बोला. गाडी सुरू करेपर्यंतचं तुम्हाला आठवत असणार. किती पेले झाले, कोणी तुमच्याकडून किल्ली मागितली, तुम्ही का दिली नाहीत, तेवढं सांगा. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

हिचं मत विचाराल तर जावयावर दावा लावणं म्हणजे आपल्याच अन्नात माती कालवणं. दावा लावला त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, फक्त अंगठ्याकडे बघते. मोठ्यांचा आशीर्वाद आणि लहानांचा विवेक तुमच्या पाठीशी राहो.

तुमचा,
सासरा (कोर्टात वादी)

ता. क. भरपाई विमा कंपनी देणार, पण तुम्ही दारू पिऊन गाडी चालवत होता हे ठरलं तर ती तुमच्याकडून वसूल करणार, असं वकीलबाई म्हणतात. हे आधी लिहायला हवं होतं, पण मग तुम्ही पत्र इथपर्यंत वाचलं नसतं.

ता. क. २. तारखेच्या दिवशी कोर्टातून थेट घरी जेवायला यावं. भांडण कोर्टाच्या आत. बाहेर आलात की जावई. ही तुमच्यासाठी स्वेटर विणते आहे आणि तुमच्या छातीचं माप विचारते आहे. माझ्याशी ती एवढंच बोलली.

ता. क. ३. हे बाबांनी सांगितलेलं नाही. ते आत जाऊन पडलेत. त्यांना अजून दोन ओळींपलीकडे लिहिता येत नाही, त्यामुळे पत्र मी लिहिलं आहे, ते तुला अक्षरावरून पहिल्या ओळीतच कळलं असेल. ते जे बोलले ते सगळं लिहिलं. फक्त त्यांनी दोन ठिकाणी 'तुम्ही थोडीशीच घेतली होती' असं सांगितलं होतं, ते मी गाळलं. मी तुझ्याबरोबर परत का आले नाही हे तू अजून एकदाही विचारलेलं नाहीस. बाबांच्या हाताची काळजी म्हणून राहिले असं तू सगळ्यांना सांगतोस, तसं नाही. त्या बाकड्यावर दोन मिनिटांपूर्वी मी बसले होते. बाबांना मी ठामपणे सांगितलं आहे, त्यांना आवडो न आवडो, साक्ष मी देणार. तू माझ्याआधी उभा राहून खरं बोललास तर मला काही बोलावं लागणार नाही, आणि मला मनापासून तेच हवं आहे. तारखेला ये. बसने ये.