कारवारहून येताना

रामनगर, ता. जोयडा
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. दीपूस,

आईचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडलीय. सकाळी उन्हात बसल्याशिवाय बाबांचा गुडघा सरळ होत नाही, मग दुकान उघडायला नऊ वाजतात. गावात मळणी चालू आहे, दुकानात खिळे-पत्र्यापेक्षा सध्या ताडपत्रीच जास्त खपते. शेजारच्या शांतीच्या म्हशीला रेडकू झालं. खरवस दिला होता, चांगला झाला होता.

आता मुद्द्याचं लिहिते. मागच्या महिन्यात, सहा तारखेला, माझ्या हातून गाडीला अपघात झाला. घाबरू नको. मला काही झालं नाही, डावं मनगट मुरगळलं होतं, ते आता बरं आहे. हो, गाडी मीच चालवते. दोन वर्षं झाली. बाबांना क्लच दाबवत नाही, म्हणून खानापूरला जाऊन शिकले. चौपन्नाव्या वर्षी लायसन काढलं, फोटोत चोरासारखी दिसते.

अपघात अणशी घाटात झाला. वळणावर समोरून चिऱ्याचा ट्रक आला. मी डावीकडे घेतली, जरा जास्तच घेतली. चाक गटारात गेलं आणि ट्रकचा मागचा भाग उजव्या दाराला घासत गेला. आरसा तुटून माझ्या मांडीवर पडला. ट्रकवाला थांबला, बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. तिथं फोनला रेंज नाही. रानातून सरपण घेऊन येणारी एक बाई, पारू तिचं नाव, मोळी खाली टाकून माझ्याजवळ बसली. "बाये, भियेनाका," एवढंच म्हणत राहिली आणि माझा हात काही सोडला नाही. ट्रकवाल्यानंच पुढं जाऊन चेकपोस्टवरून फोन लावला.

फोन कुणाला, तर विमा घेताना शोरूमवाल्यानं एक कार्ड दिलं होतं. अपघात झाल्यावरचं सगळं बघणारी कंपनी असते म्हणे. गाडी ओढून न्यायची, गॅरेज ठरवायचं, विमावाल्यांचा माणूस बोलवायचा, कागद करायचे, सगळं तेच करतात, आपण फक्त हो-नाही सांगायचं. बाबा तेव्हा हसले होते, "हे बी आता भाड्यानं मिळतंय." पण त्या दिवशी दोन तासांत टोइंगची गाडी आली, आणि तिच्याबरोबर आलेल्या माणसानं आधी मला पाणी दिलं, मग गाडीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून हुबळीहून एका मुलीचा फोन यायला लागला. रक्षा. माझी केस तिच्याकडे होती. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलते. रोज अकराच्या सुमाराला फोन. "गाडी बेळगावला पोचली, सर्व्हेअर येऊन गेला, दार नवीन टाकणार, पत्रा ठोकून घेणार नाही, मी बोललेय त्यांना." एकदा मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "अजून न्हाई काकू, तुमची फाइल लावून जेवते." त्या दिवसापासून मी रोज विचारायला लागले. पुढे पुढे पावणेअकरालाच फोन घेऊन परसात जाऊन बसायची.

दीपू, खरं सांगते. वीस दिवसांत गाडी तयार होऊन आली. तरी मी रक्षाला सांगितलं, दारात आवाज येतो. तिनं माणूस पाठवला, त्याला आवाज काही सापडला नाही. मग म्हटलं, काच नीट वर जात नाही. आवाज नव्हता गं. काचही नीट होती. फाइल बंद झाली की अकराचा फोन बंद होणार होता.

पत्र अर्ध्यावर आलं की तू म्हणशील, ही अणशी घाटात काय करत होती?

हेच रक्षानंही विचारलं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी. मी बाबांना सांगितलं होतं, कुंभारवाड्याला फुलामावशीकडे फराळाचा डबा द्यायला गेले होते. तेच फॉर्मवर लिहायला सांगितलं. रक्षा म्हणाली, "काकू, कुंभारवाडा तर घाटाच्या अलीकडे आला. आणि ट्रकवाल्यानं लिहून दिलंय, तुमची गाडी खालून, कारवारकडून चढत होती. दोन कागदांत दोन गोष्टी झाल्या की विमावाले क्लेम अडवतात. कुठूनही येत असाल तरी चालतंय, पण खरं सांगा. मी दुसऱ्या कुणाला सांगत न्हाई."

मी फोन धरून उभी राहिले. चार वर्षांत तुझं नाव मी घरात मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते पहिल्यांदा घेतलं ते हुबळीच्या एका मुलीजवळ, जिला मी कधी बघितलेलं नाही. म्हटलं, "माझी मुलगी आहे तिथं. दीपाली. तिला बघायला गेले होते."

ती म्हणाली, "मग मी लिहिते, कारवारहून मुलीला भेटून परत येताना."

"भेटले न्हाई गं," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "काकू, भेटलात का, असा रकाना न्हाई फॉर्ममध्ये. मुलीकडून परत येताना, एवढं लिहिते."

दीपू, मी आले होते. तुझा पत्ता पल्लवीकडून घेतला, तिच्यावर रागावू नको, तुझी मैत्रीण किती दिवस गप्प बसणार? शेवटच्या फोनवर तू म्हणाली होतीस, "आई, नुसती रडायला फोन करू नको. यायचं असेल तर ये, न्हाईतर फोन पण नको." ते बरोबरच होतं. पण मी यायची कशी? बस धरायची म्हटली तर स्टँडवर दहा जण विचारणार, कुठं, कशाला. म्हणून गाडी शिकले. गुडघ्याचं कारण बाबांसाठी होतं. रिव्हर्स येईना तेव्हा मास्तरीण म्हणायची, "काकू, या वयात एवढी जिद्द कशाला?" तिला काय सांगणार.

शिकल्यावरही दोन वर्षं गेली. दर दिवाळीला निघायचं ठरवायची आणि जोयड्याच्या पुढे पाय उचलत नव्हता. यंदा बाबा माल आणायला बेळगावला गेले आणि मी निघाले. अनारसे केले होते, तुझ्या आवडीचे, जास्त खसखस लावून.

कोडीबागेत तुझ्या घरासमोर गाडी उभी केली. समोर तू होतीस. कपडे वाळत घालत होतीस, आणि कमरेवर पोर. पल्लवीनं मला ते सांगितलं नव्हतं. मुलगी ना? तांबडं झबलं होतं. ती तुझ्या खांद्यावरचा चिमटा ओढत होती आणि तू तिच्याशी कोंकणीत काहीतरी बोलून हसत होतीस. मी दाराच्या कडीला हात लावला होता, खरंच लावला होता. तेवढ्यात मागून मासळीचा टेम्पो आला, हॉर्न वाजवायला लागला. तू वर बघितलंस. काचेवर ऊन होतं, मी डोक्याला स्कार्फ बांधलेला. आणि आई गाडी चालवत येईल हे तुझ्या मनात तरी कसं यावं? तू हात करून म्हणालीस, "वायच फुडं घ्या."

मी पुढे घेतली. टेम्पोला वाट दिली. मग तशीच पुढे जात राहिले. घाटाखालच्या कद्र्यापर्यंत कुठंच थांबले नाही. तिथं बाजूला घेऊन रडले, डबा उघडून एक अनारसा खाल्ला आणि घाट चढायला लागले. ट्रक नीट हॉर्न देऊनच आला होता. चूक त्याची नव्हती. हेही मी रक्षाला लिहायला सांगितलं.

पण गाडी बाबांच्या नावावर आहे. फॉर्मवर सही त्यांची लागते. रक्षानं कागद पाठवले ते दुकानाच्या पत्त्यावर. मी सकाळपासून काउंटरमागं उभी होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. त्या ओळीवर बोट आलं आणि थांबलं. गिऱ्हाईक उभं होतं, अर्धा किलो खिळे मागत होतं, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नाही. मला वाटलं आता कागद फाडतील.

म्हणाले, "सही कुठं करायची?"

मी जागा दाखवली. सही केली. खिळे तोलून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना, माझ्याकडे न बघता:

"घर कसं हाय तिचं?"

"कौलारू. अंगण सारवलेलं हाय."

"आनि?"

"पोर हाय."

"कुनाची?"

"कुनाची म्हंजे? तिची."

हातातला तुकडा तसाच राहिला. मग विचारलं, "कुनासारखी दिसतीया?"

"लांबनं काय कळतंय."

तेव्हा मात्र माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "एवढ्या लांब गेलीस, मग लांबनं कशाला बघितलीस?"

चार वर्षं मी समजत होते की यांच्या भीतीनं मी येत नाही. त्या दिवशी कारवारात ते कुठं होते? ते बेळगावात होते. पुढे गेले ती मीच. तू दार लावून घेशील, ही भीती माझी होती. तू सागररावांशी लग्न केलंस त्या दिवशी बाबा दार लावून बसले, आणि मी आतून कडी घातली. त्यांनी सांगितलं म्हणून घातली. पण हात माझा होता. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. माफ कर असं लिहायला बसले होते, पण तो शब्द लिहिला की मलाच फार सोपं वाटायला लागतं.

शुक्रवारी रक्षाचा शेवटचा फोन आला. "काकू, काचेचंही झालं. आता फाइल बंद करू?" मी कर म्हटलं. ती म्हणाली, "रोज पंधरा लोकांना फोन लावते, जेवलीस का म्हणून विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच." मग हळूच म्हणाली, "मुलीला भेटलात की मला सांगा. ते फाइलमध्ये लिहायचं न्हाई, मला कळावं म्हणून."

रात्रीच्या जेवणाला बाबा म्हणाले, "न सांगता जाऊन परत कुनाच्या दारात गाडी लावू नको. आधी लिही तिला." मी विचारलं, काय लिहू? "येतोय म्हणून लिही. दोघंबी." गुडघ्याला घाटातली वळणं सोसतील का, म्हटलं. तर रागावले, "गाडी तू चालवनार, माझ्या गुडघ्याचा काय संबंध?"

तर रविवारी, पंधरा तारखेला, आम्ही यायचं म्हणतोय. अकरापर्यंत पोचू. सागररावांना सांग. त्यांना आवडणार नसेल, किंवा तुलाच नको असेल, तर पल्लवीला कळव, आम्ही वाईट वाटून घेणार नाही असं लिहीत नाही, वाटेल, पण समजून घेऊ. पोरीचं नाव तेवढं कळव. गेला महिनाभर मी तिला मनात नुसती "ती" म्हणते.

काही करू नको जेवायला. मासे मात्र केलेस तर बाबा खातील. मी विचारून घेतलंय.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. पत्ता त्यांनी लिहिला. मी तुझं नाव सांगून पुढचं सांगायला घाबरले, जरा थांबले, तर त्यांनी माझी वाट न बघता स्वतःच लिहिलं: सौ. दीपाली सागर तांडेल. मग पेन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, बघ, नीट आलंय का.

नीट आलंय.

तुझी,
आई