तुम्ही धरून चाललात

सर, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. आज शाळेत मॅट्रिकच्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. माझं अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी तो मला दिला. दारव्ह्याच्या शाळेत तो तुमच्याकडे याच कारणानं येत असे. पहिल्याच फॉर्मवर धर्म आणि जात हे रकाने दिसले आणि मी पेन खाली ठेवलं.

तुम्ही आम्हाला 'प्रिझ्यूम' शिकवलंत तो तास मला अजून पाठ आहे. फळ्यावर क्रियापद लिहून तुम्ही म्हणालात, याचा अर्थ विचारपूस न करता धरून चालणं, पण धरून चालायला काही आधार हवा. सकाळी अंगण ओलं दिसलं की रात्री पाऊस आला असं आपण प्रिझ्यूम करतो. शेजारणीनं सडा टाकला असेल, हे नंतर कळतं. आधारच नसला तर 'अझ्यूम' म्हणा. मागच्या बाकावरची दुकानदाराची मुलगी उठली, "सर, मंग आमी गृहपाठ केला असं प्रिझ्यूम करा ना!" तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलंत. "तुह्या बाबतीत आधार कुठाय, बाई? तुहं तर अझ्यूमच करा लागते." वर्ग हसला. मी सगळ्यांत जास्त हसले. इंग्रजी इतकी नेमकी असते आणि ती नेमकी वापरणारा माणूस आपल्याला शिकवतो, याचा मला अभिमान वाटला होता.

त्याच महिन्यात फॉर्म आले. खाडाखोड चालत नाही म्हणून सगळ्या वर्गाचे फॉर्म तुम्ही स्वतः भरायचात, आम्ही एकेकानं टेबलापाशी जाऊन फक्त सही करायची. दुकानदाराच्या मुलीला तुम्ही तिच्या आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलंत. मला काही विचारलं नाहीत. धर्माच्या रकान्यात तुमच्या वळणदार अक्षरात 'हिंदू' आणि पुढे आमची जुनी जात. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली होती. माझे बाबा सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे वाहायचे. त्यांनी कोनाड्यातले देव टोपलीत घालून स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. तुम्हाला हे ठाऊक होतं. दीक्षेनंतर मी पांढरी साडी नेसून वर्गात आले तेव्हा तुम्हीच कारण विचारलं होतंत, आणि मी मान वर करून सांगितलं होतं. बौद्ध लिहिलं की जुन्या जातीला मिळणारी फीची सवलत जाते आणि मुलीचं शिक्षण थांबतं, असा तुम्ही विचार केला असणार. तुमची दयाच होती ती. तिचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

निकालाआधीच, त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. फॉर्मवर होतं तेच शाळेच्या दाखल्यावर उतरलं. दाखला इंग्रजीत. बाबा हात धुऊन, पुसून तो घ्यायला बसले. "काय लिवलं व माय? बौद्ध लिवलं ना?" मी म्हटलं, "हो, बाबा." "कुठं हाय, दाखव बरं." मी 'दारव्हा' या शब्दावर बोट ठेवलं. अजूनही पाहुणे आले की ते ट्रंकेतून दाखला काढतात आणि त्या शब्दावर बोट ठेवून बसतात. वाचता येणारा पाहुणा आला की मी चहाच्या निमित्तानं मध्येच जाऊन दाखला उचलते.

तुमच्या दोन शब्दांवर यवतमाळला कॉलेजची फी माफ झाली. नोकरीच्या वेळी कारकून माझ्याकडे बघून हसला, "तुमी तर बौद्ध म्हनता बाई, कागद काई अलगच बोलते." तेव्हा मला तुमचा तास आठवला. तुम्ही जे केलंत त्याला कुठलं क्रियापद लावायचं, सर? आधार काय होता तुमच्याकडे? माझे बाबा बोजे वाहतात, हा?

हे पत्र वहीतच राहणार. म्हणून एवढं लिहिते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही फॉर्म माझ्याकडे वळवला होतात. स्वतःचं पेन माझ्या हातात देऊन म्हणालात, "वाच, मंग सही कर." मी वाचलं. दोन्ही रकाने वाचले. फी माफीचं मलाही माहीत होतं. मागे रांग होती, घाई होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले; माझ्यामागे कुणीच नव्हतं, मी शेवटची होते. ही पोरगी काही बोलणार नाही, असं तुम्ही धरून चाललात. तुमचा अंदाज बरोबर निघाला, सर.