आधी घड्याळ, मग वही

४ मार्च
बाईंनी आज सहावी नोंदवही काढून दिली. एकटीने समुद्र ओलांडला, त्या उड्डाणाची! त्यांचं आत्मचरित्र टाइप करायचं काम माझं, पण आज वही दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. "अगं, वही आहे ती, विमान नव्हे. पडली तरी कुणी मरणार नाही," बाई म्हणाल्या.

सत्तावीस तास चाळीस मिनिटं. विक्रम! आधीचा टिटवीचा होता, त्याच मार्गावरचा. टिटवी म्हणजे बाईंची मैत्रीण. दोघी एकाच मास्तरांकडे विमान चालवायला शिकल्या. बाईंनी तिला अर्ध्या तासाने मागे टाकलं.

५ मार्च
पंधरा पानं झाली. बेटांवर टपाल नेलं, वाळूत उतरल्या, फुटलेलं चाक स्वतः बदललं. छान दिवस.

७ मार्च
मी शाळेत जायच्या आधी आई स्वयंपाकघरातच गणित शिकवायची. उत्तर आलं की ताळा करायचा, मगच उठायचं. त्याच खोडीने आज पेट्रोलचा ताळा घेतला — जमेना! तीन तासांचं पेट्रोल जास्त जळलेलं. मग दिसलं. निघतानाची वेळ इथली, पोचल्याची तिथली. तिथली घड्याळं तीन तास मागे. म्हणजे उड्डाण तीस तास चाळीस मिनिटांचं. विक्रम झालाच नव्हता!

८ मार्च
बोलले नाही. बाई म्हणाल्या, "अशी घुम्यासारखी का बसलीस?" दात दुखतोय म्हटलं. आता हे खोटं आणखी वर!

९ मार्च
सांगून टाकलं. आधी दाताचं, मग तीन तासांचं.

बाईंनी हिशेब दोनदा करायला लावला. मग म्हणाल्या, "मास्तरांचा दंडक होता — चाकं थांबली की आधी घड्याळ तिथल्या वेळेला लावायचं, मग वही उघडायची. मी मेली आज्ञाधारक! पन्नास वर्षं टिटवीचा विक्रम माझ्या भिंतीवर टांगून बसले की गं."

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी स्टूल ओढलं, विक्रमाची ढाल उतरवली, पदराने पुसली. टिटवीला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. ढालही सोबत पाठवायची म्हणाल्या. माझा चेहरा पाहून वर मलाच समजावलं, "समुद्र तर ओलांडला ना? तो कुणी काढून घेतोय का?"

आणि पोटभर जेवल्या. दोन दिवसांनी मीही.

११ मार्च
पार्सल गेलं. भिंतीवर नुसता खिळा. बाई शीळ घालत फिरताहेत. मीच आपली खिळ्याकडे बघत बसते.

२० मार्च
ढाल परत आली! सोबत टिटवीची चिठ्ठी — "म्हातारे, माझे मास्तर काय वेगळे होते? मीही आधी घड्याळच लावलं होतं. तीन तास माझेही वाढव."

वाढवले. ताळा केला. अर्ध्या तासाने बाईच पुढे!